जेनेरिक की टाकली म्हणजे विंडोज आपलं झालं का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून साध्या विंडोज १० ला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. ही मोठ्या शहरांतल्या ऑफिसांची बातमी आहे असं वाटत असेल, तर तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी कम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात थोडा वेळ थांबून बघा. जुना लॅपटॉप पिशवीत घालून आलेला माणूस विचारतो, "हे अपडेट होत नाही म्हणते, काय करावं?" समोरून उत्तर येतं, "ठेवून जा भाऊ, विंडोज ११ मारून देतो. की आहे आपल्याकडे."

काहीशे रुपयांत काम होतं. लॅपटॉप नव्यासारखा चालतो. स्क्रीनवर ॲक्टिव्हेटेड असंही दिसतं. मग अडचण कुठे आहे?

अडचण "की आहे आपल्याकडे" या वाक्यात आहे. ही की बऱ्याचदा जेनेरिक की असते, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेली. ती वापरणं हा गुन्हा नाही. पण तिच्यातून लायसन्सही मिळत नाही. विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं दाखवायला मग दुकानात आणखी काहीतरी केलं जातं, आणि खरा धोका त्या "आणखी काहीतरी"मध्ये आहे. त्यातही वाईट म्हणजे, अनेकांच्या लॅपटॉपमध्ये खरं लायसन्स आधीपासून असतं आणि विंडोज मारताना ते बाजूला पडतं. आज हेच नीट समजून घेऊ.

इन्स्टॉल करणं वेगळं, ॲक्टिव्हेट करणं वेगळं

महाडीबीटीवर फॉर्म भरलेल्या माणसाला हा फरक लगेच कळेल. फॉर्ममध्ये आधी योजना निवडावी लागते. कोणती योजना हवी ते सांगितल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पण योजना निवडली म्हणजे मंजुरी आली असं होत नाही. मंजुरी नंतर, कागदपत्रं तपासून मिळते.

विंडोजचंही असंच आहे. एकाच इन्स्टॉलेशन फाइलमध्ये होम, प्रो, एज्युकेशन असे वेगवेगळे प्रकार असतात. त्यातला कोणता टाकायचा हे इन्स्टॉलरला सांगण्यासाठी २५ अक्षरांची की लागते. जेनेरिक की एवढंच काम करते. ती इन्स्टॉलेशनच्या फाइल्समध्येच असते आणि प्रत्येक प्रकाराची जेनेरिक की जगभर एकच असते. भंडाऱ्यात टाका नाहीतर बर्लिनमध्ये, तीच २५ अक्षरं. तिचा अर्थ "मला प्रो हवंय" एवढाच. "माझ्याकडे प्रो विकत घेतलेलं आहे" असा तिचा अर्थ होत नाही.

ॲक्टिव्हेशन ही पुढची पायरी. त्यात तुमचा कम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलतो. तुमच्या हार्डवेअरवरून तयार झालेली ओळख आणि लायसन्सचा पुरावा यांची जोडी तिथे तपासली जाते. हा पुरावा म्हणजे विकत घेतलेली खरी की असू शकते, किंवा त्याच मशीनवर आधी नोंदलं गेलेलं डिजिटल लायसन्स असू शकतं. नुसती जेनेरिक की दाखवली तर सर्व्हर नकार देतो. विंडोज चालत राहतं, पण कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" हा पुसट मजकूर येतो आणि वॉलपेपर, रंग वगैरे सेटिंगमधून बदलता येत नाहीत.

"जेनेरिक की" नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी

इथे मोठा गोंधळ आहे, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

पहिली म्हणजे वर सांगितलेली, प्रकार निवडणारी की.

दुसरी आहे केएमएस क्लायंट की. मोठ्या संस्था, म्हणजे कॉलेजं, बँका, कंपन्या, शेकडो मशीनसाठी एकत्र लायसन्स घेतात. प्रत्येक मशीनवर वेगळी की टाकत बसायचं नाही म्हणून संस्था आपल्याच नेटवर्कमध्ये एक सर्व्हर उभा करते. त्याला केएमएस म्हणतात. बाकीच्या मशीनवर सगळीकडे एकच जेनेरिक की टाकलेली असते. ही की मशीनला सांगते, "ॲक्टिव्हेशनसाठी मायक्रोसॉफ्टकडे जाऊ नको, आपल्या संस्थेच्या सर्व्हरला विचार." या कींची यादी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच वेबसाइटवर दिलेली आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण संस्थेचा सर्व्हर नसेल तर त्या कीचा काही उपयोग नाही.

केएमएसला दोन अटी आहेत. नेटवर्कमध्ये किमान २५ विंडोज मशीन असल्याशिवाय सर्व्हर ॲक्टिव्हेशन देत नाही. आणि दिलेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवसच टिकतं. मशीन दर सात दिवसांनी सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲक्टिव्हेट झालेला लॅपटॉप घरी आणल्यावर सहा महिन्यांनी "ॲक्टिव्हेट करा" म्हणायला लागतो तो यामुळेच.

आता दुकानातलं बघा. एकट्या लॅपटॉपवर केएमएस की टाकली, पण संस्था नाही, सर्व्हर नाही, २५ मशीन नाहीत. मग ते ॲक्टिव्हेट कसं होतं? एक छोटं सॉफ्टवेअर चालवतात. ते लॅपटॉपमध्येच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतं, किंवा लॅपटॉपला इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरकडे पाठवतं. याला बोलीत ॲक्टिव्हेटर किंवा क्रॅक म्हणतात. की खरीच असते, मायक्रोसॉफ्टनेच छापलेली. खोटा असतो तो सर्व्हर.

तुमचं लायसन्स तुमच्या मदरबोर्डमध्येच असेल

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात याबद्दल सहसा कुणी सांगत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून, विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या ब्रँडेड लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये की लिहिलेली असते. एचपी, डेल, लेनोवो, एसर, आसुस सगळ्यांचं असंच आहे. म्हणून नव्या लॅपटॉपच्या खाली पूर्वीसारखं कीचं स्टिकर दिसत नाही. त्याच लॅपटॉपवर तोच प्रकार पुन्हा इन्स्टॉल केला, तर इन्स्टॉलर चिपमधली की आपोआप वाचतो. इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन होऊन जातं. की शोधायची गरज नाही, विकत घेण्याची तर अजिबात नाही.

मग बिघडतं कुठे? आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक घरगुती लॅपटॉप विंडोज होमचे असतात. चिपमध्ये की होमची. पण विंडोज मारणाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये प्रो तयार असतं, कारण "प्रो चांगलं असते". तो प्रोची जेनेरिक की टाकतो आणि प्रो चढवतो. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर बघतो, या मशीनकडे होमचं लायसन्स आहे, प्रोचं नाही. तो नकार देतो. मग क्रॅक लागतो. पैसे मोजून खरं विंडोज घेतलेला माणूस अशा रीतीने पायरेटेड विंडोज वापरायला लागतो, आणि त्याला ते कळतही नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत असल्यामुळे सुट्टीत गावी गेलो की नात्यातले, शेजारचे लोक लॅपटॉप घेऊन येतात. "स्लो झालाय, बघ ना रे." त्यात हा होमचा प्रो झालेला प्रकार मला पुन्हा पुन्हा दिसतो. उपाय सोपा असतो. डेटा बाजूला काढायचा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची मूळ फाइल उतरवायची आणि होम पुन्हा टाकायचं. काही वेळात विंडोज ॲक्टिव्हेट होतं, तेही एक रुपया न देता.

जेनेरिक कीचा प्रामाणिक उपयोगही इथेच कळतो. समजा उलट झालं. लॅपटॉप होमचा होता, नंतर तुम्ही पैसे देऊन प्रोचं लायसन्स घेतलं. आता फॉरमॅट मारताना इन्स्टॉलर चिपमधली होमची की वाचतो आणि प्रकार न विचारताच होम टाकायला निघतो. तेव्हा प्रोची जेनेरिक की टाकून त्याला प्रोकडे वळवता येतं. ॲक्टिव्हेशन तुमच्या आधीच्या डिजिटल लायसन्सवरून होतं. असा प्रसंग नसेल तर इन्स्टॉल करताना "माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही" हा पर्याय निवडून योग्य प्रकार निवडला तरी पुरतं.

आपल्या मशीनवर काय आहे ते कसं ओळखायचं?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन उघडा. विंडोज १० मध्ये ते अपडेट अँड सिक्युरिटीच्या खाली सापडेल. तिथे इंग्रजीत एक वाक्य दिसेल. "डिजिटल लायसन्स"ने ॲक्टिव्हेट झालं असं लिहिलेलं असेल, तर पहिली पायरी ठीक आहे. पण "युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस" असे शब्द दिसले तर स्वतःला विचारा, ही ऑर्गनायझेशन कोणती? लॅपटॉप ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेला असेल तर उत्तर सरळ आहे. लॅपटॉप तुमच्या घरचा असेल तर तुमची कुठली ऑर्गनायझेशन नाही, म्हणजे कुणीतरी खोटा सर्व्हर बसवलाय.

दुसरी तपासणी. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर टाइप करा, एक जागा सोडा, स्लॅश आणि लगेच एक्सपीआर लिहून एंटर मारा. "परमनंटली ॲक्टिव्हेटेड" आलं तर मुदत नाही. तारीख आली तर ते केएमएस प्रकारचं ॲक्टिव्हेशन आहे.

एक्सपीआरच्या जागी डीएलआय टाकलं तर कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. इथे बरेच लोक घाबरतात. नेटवर कुठेतरी वाचलेलं असतं की ३व्ही६६टी ही प्रोची जेनेरिक की आहे, आणि आपल्या मशीनवर तीच दिसते. घाबरू नका. खऱ्या डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या प्रो मशीनवरही हीच अक्षरं दिसतात, आणि होमवर ८एचव्हीएक्स७ दिसतात. डिजिटल लायसन्समध्ये पुरावा सर्व्हरवर असतो, मशीनवर फक्त प्रकार सांगणारी की असते. टी८३जीएक्स मात्र वेगळं आहे. ती प्रोची केएमएस क्लायंट की आहे. घरच्या लॅपटॉपवर तिचं काही काम नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. क्रॅक करणाऱ्यांच्या युक्त्या बदलत असतात, त्यामुळे स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं म्हणजे लायसन्स सिद्ध झालं असं नाही. लायसन्सचा पुरावा म्हणजे बिल, बॉक्स किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधली खरेदीची नोंद. सातबाऱ्याचा फोटो मोबाइलमध्ये असल्याने कुणी शेताचा मालक होत नाही, तसंच हे.

खरं नुकसान कुणाचं?

"मायक्रोसॉफ्टचं नुकसान झालं तर आपल्याला काय करायचं?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्या कंपनीची काळजी मलाही नाही. मला काळजी आहे ती त्या मशीनमधून जाणाऱ्या कागदांची.

भंडारा जिल्ह्यात धान हे मुख्य पीक. हमीभावाने धान विकायचं तर ऑनलाइन नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी आधार, सातबारा, बँक पासबुक. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, पीकविमा हे सगळं आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सीएससीमधून होतं. ही केंद्रं चालवणारी आपलीच मुलंमुली आहेत. मशीन त्यांचं स्वतःचं, खर्चही स्वतःचा. एका मशीनमधून अख्ख्या गावाची कागदपत्रं जातात. डेस्कटॉपवर स्कॅन केलेल्या आधारचे फोल्डर पडलेले असतात आणि पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले असतात.

अशा मशीनवर क्रॅक चालवताना काय होतं ते पायरीपायरीने बघा. आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, कारण तो क्रॅकला अडवतो. मग ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी द्यावी लागते. मग कुणी बनवलं ते माहीत नसलेला प्रोग्रॅम चालवला जातो. शेवटी त्याचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून कायमचं वगळलं जातं. म्हणजे चोराला किल्ली दिली, कुत्रा बांधला आणि शेजाऱ्यांना सांगितलं की या घराकडे बघू नका.

ही नुसती कल्पना नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सिक्युरिटी कंपनीने केएमएसपिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरबद्दल इशारा दिला होता. त्यातून क्रिप्टबॉट नावाचं चोरी करणारं सॉफ्टवेअर मशीनमध्ये शिरत होतं. असं सॉफ्टवेअर स्क्रीनवर काही दाखवत नाही, मशीन बंद पाडत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज, सेव्ह केलेल्या कार्डांची माहिती गुपचूप बाहेर पाठवतं.

अपडेट बंद असल्यावर काय होतं तेही आपण पाहिलंय. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला जगभर पसरला. त्याने वापरलेल्या दोषावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेलं होतं. ज्यांनी अपडेट घेतलं नाही ती मशीन सापडली. क्रॅक केलेल्या विंडोजवर "अपडेट केलं तर ॲक्टिव्हेशन उडेल" म्हणून अपडेट बंद ठेवायची पद्धत आहे. ती किती महाग पडू शकते हे यावरून कळतं.

यातली उलटी गंमत बघा. ॲक्टिव्हेट न केलेलं, नुसत्या जेनेरिक कीवर चालणारं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या अटींत बसत नाही, पण त्याला सिक्युरिटी अपडेट मिळत राहतात आणि त्यात अनोळखी प्रोग्रॅम नसतो. सुरक्षेपुरतं बोलायचं तर तो कोपऱ्यातला पुसट मजकूर क्रॅकपेक्षा कितीतरी बरा. तो मजकूर घालवण्यासाठी लोक जे करतात त्यातूनच धोका येतो.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार कम्प्युटर प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. "जाणूनबुजून" आणि "धंद्यासाठी" हे दोन शब्द महत्त्वाचे. घरच्या विद्यार्थ्यापेक्षा राइस मिलचं ऑफिस, सेवा केंद्र, टॅली चालवणारा अकाउंटंट यांची बाजू जास्त कच्ची आहे.

शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. लोकांची माहिती सांभाळणाऱ्याने सुरक्षेची वाजवी काळजी घ्यावी असं हा कायदा सांगतो. अँटिव्हायरस बंद करून चालवलेला क्रॅक ही वाजवी काळजी कशी ठरेल?

पण पैशाचं काय?

इथे प्रामाणिक राहायला हवं. अमेरिकेत विंडोज ११ होमची किंमत १३९ डॉलर आहे आणि प्रोची १९९. भारतातली किंमत थोडी वेगळी असते, पण अंदाज यावा म्हणून डॉलर ८७ रुपयांचा धरू. होमचे बारा हजारांच्या घरात जातात. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे एक विंडोज होम बरोबर जवळजवळ पाच क्विंटल धान. असेंबल केलेल्या जुन्या कम्प्युटरवर कोण एवढे घालणार? दुकानदाराला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. गिऱ्हाइकाकडे जेवढे पैसे आहेत तेवढ्यात तो काम करून देतो.

सवयही आपली एका दिवसात लागलेली नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला कम्प्युटर शिकवला आणि तो विंडोज व ऑफिसवरच शिकवला. त्यातलं "एमएस" हे महाराष्ट्र स्टेटचं, पण ते मायक्रोसॉफ्टचं आहे असं समजणारे आजही भेटतात. विंडोज म्हणजेच कम्प्युटर हे आपल्या डोक्यात पक्कं झालं, आणि त्याला किंमत असते हे कुणी सांगितलंच नाही. मायक्रोसॉफ्टलाही हे सगळं ठाऊक होतं. चोरायचंच असेल तर आमचंच चोरा, पुढे पैसे कसे घ्यायचे ते बघू, या अर्थाचं बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल उघड बोलले होते.

मग दोन-चारशे रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या कींचं काय? त्या बहुतेकदा कुठल्यातरी कंपनीच्या एकत्रित लायसन्समधल्या किंवा जुन्या मशीनमधल्या असतात. आज चालतात, मायक्रोसॉफ्टने ती की बंद केली की उद्या बंद. विंडोज ७ ची जुनी की टाकून नवं विंडोज ॲक्टिव्हेट करायची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

आता नेमकं काय करावं?

ब्रँडेड लॅपटॉप असेल आणि प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा असेल, म्हणजे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, तर तो बहुतेक विंडोज ११ ला चालतो. विंडोज १० खरं असेल तर अपग्रेड फुकट आहे. विंडोज अपडेटमधूनच करा. दुकानात करून घेत असाल तर एकच वाक्य बोला, "भाऊ, आधी होम होतं, होमच टाका, आणि क्रॅक नको."

लॅपटॉप त्याहून जुना असेल तर टीपीएम २.० वगैरे अटींत बसणार नाही. काही दुकानदार अटी चुकवून विंडोज ११ टाकून देतात. ते चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा घरच्या मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती ठेवा आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकटात. नोंदणीचा पर्याय विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो.

असेंबल केलेला कम्प्युटर असेल आणि त्यावर फक्त ब्राउझर, युनिकोड टायपिंग, यूट्यूब, पोरांचा अभ्यास एवढंच होत असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. मराठी टायपिंग त्यात आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं काइट या सरकारी संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. आपल्या देशातल्या सीडॅकचं बॉस लिनक्सही आहे.

सेवा केंद्रवाल्यांचा प्रश्न अवघड आहे हे मान्य. फिंगरप्रिंट मशीनचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, श्रीलिपी किंवा आयएसएमवरची जुनी टायपिंग, यातलं बरंच काही विंडोजला बांधलेलं आहे. त्यांना मी एवढंच सांगेन. निदान ज्या मशीनवरून लोकांची कागदपत्रं जातात ते एक मशीन बिलासकट विंडोजचं ठेवा. नवीन घेताना विंडोजसह येणारा ब्रँडेड घ्या. त्यात लायसन्सची किंमत धरलेली असते आणि वेगळं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि ही जबाबदारी एकट्या केंद्रचालकावर टाकून चालणार नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखले वेळेत देणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरणही जाहीर केलं. मग दाखले देणारी पोर्टलं आणि त्यांना लागणारी यंत्रं लिनक्सवरही नीट चालायला हवीत अशी अट शासन का घालत नाही? केंद्राला मान्यता देताना दर किती घेता हे बोर्डावर लिहायला लावतात, तसं मशीनचं लायसन्स आणि अपडेट चालू आहे का हे का बघत नाहीत? वर्षातून एकदा जिल्हा पातळीवर केंद्रचालकांना बोलावून वरची तपासणी करून घ्यायला एक दिवस पुरेल.

१३ ऑक्टोबर २०२६ ला घरगुती मशीनची ती वाढीव मुदतही संपेल, आणि तोवर खरीप धानाच्या नोंदणीचे दिवस आलेले असतील. त्या गर्दीत मशीन तपासायला कुणाला वेळ नसेल. म्हणून आजच सेटिंग्ज उघडा, ॲक्टिव्हेशनचं पान बघा आणि तिथे कुठली अनोळखी ऑर्गनायझेशन बसलेली नाही ना, ते पाहून घ्या.